बंद हेडफोनची पाठ उघडल्यावर आवाजात काय बदलते: एक परीक्षण

बंद कपाचा हेडफोन उघडा केला की त्याचा आवाज मोकळा होतो, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण त्या सांगण्यात तीन-चार निरनिराळे बदल एकत्र मिसळलेले असतात. त्यांपैकी काही ऐकणाऱ्याच्या खरोखर पदरात पडतात, काही निव्वळ भास असतात आणि काहींसाठी दुसरीकडे किंमत मोजावी लागते. हे परीक्षण अशाच एका रूपांतरित हेडफोनचे आहे. मूळ हेडफोन कान पूर्ण झाकणारा, ४० मिलिमीटरच्या डायनॅमिक ड्रायव्हरचा (चुंबक आणि तारेच्या गुंडाळीने पडदा हलवून आवाज निर्माण करणारा भाग), साध्या प्लास्टिक बांधणीचा आणि मुख्यतः रेकॉर्डिंगच्या कामासाठी विकला जाणारा होता. त्याच्या दोन्ही कपांची बाहेरची झाकणे काढून त्या जागी धातूची जाळी बसवली आणि मग जाळीच्या आतल्या बाजूने वेगवेगळी अस्तरे लावून आवाज पुन्हा पुन्हा जुळवून पाहिला. माझे मत आधीच सांगतो. नुसते झाकण काढून मिळणारा आवाज पहिल्या काही मिनिटांत मोहात पाडतो आणि तासाभरात खटकू लागतो. झाकण काढल्यावर ड्रायव्हरच्या पाठीमागे योग्य तेवढा अडथळा परत आणला, तर मात्र हाच हेडफोन शांत खोलीत ऐकण्यासाठी पहिल्यापेक्षा निश्चितच सरस ठरतो.

हे असे का घडते, ते समजण्यासाठी बंद कपाच्या आत काय चालते ते पाहायला हवे. ड्रायव्हरचा पडदा कानाकडे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे ड्रायव्हर पुढे जेवढा आवाज टाकतो, जवळपास तेवढाच मागेही टाकतो, फक्त उलट्या कलेत, म्हणजे पुढे दाब वाढतो तेव्हा मागे तो कमी होतो. बंद कपात या मागच्या आवाजाला बाहेर पडायला वाट नसते. कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते, पडद्याची हालचाल ताठर करते आणि त्याचा नैसर्गिक अनुनाद, म्हणजे तो आपसूक सर्वांत जास्त हलतो ती वारंवारता, वर ढकलते. कप जितका लहान, तितकी ही स्प्रिंग कडक. शिवाय मागे गेलेला आवाज कपाच्या भिंतींवर आदळून परत येतो आणि अत्यंत पातळ अशा पडद्यातून आरपार कानापर्यंत पोहोचतो. कानाला एकच स्वर मिळायला हवा तिथे स्वर आणि क्षणभराने येणारी त्याची सावली असे दोन्ही मिळतात, आणि त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून काही वारंवारता फुगतात, काही खचतात.

या फुगण्या-खचण्याच्या जागा ढोबळमानाने काढता येतात. हवेत ध्वनीचा वेग सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद असतो. कपाची आतली रुंदी ७ सेंटिमीटर धरली, तर त्या अंतरात अर्धी तरंगलांबी बसेल अशी वारंवारता साधारण २४५० हर्ट्झ येते. कपाची खोली ३ सेंटिमीटर धरली, तर ती ५७०० हर्ट्झच्या आसपास जाते. प्रत्यक्षातला कप चौकोनी खोका नसतो, आत ड्रायव्हरचा चुंबक, वायरी आणि प्लास्टिकच्या फासळ्या असतात, त्यामुळे हे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि नेमक्या त्याच परिसरात कपाचा हा गोंधळ चालतो. गायकाच्या व्यंजनांची धार आणि व्हायोलिनच्या गजाची खरखर या पट्ट्यात असते. बंद हेडफोनमध्ये आवाज पेटीतून आल्यासारखा वाटतो, त्यामागे हे कारण बऱ्याच अंशी असते. उत्पादक कपात फेल्ट (नमद्यासारखे दाट कापड) किंवा कापूस भरून ते कमी करतात, पण कमी खर्चाच्या हेडफोनमध्ये या भरावाला सर्वांत आधी कात्री लागते.

पाठ उघडी ठेवण्याची कल्पना जुनी आहे. सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा उघड्या रचनेचा हेडफोन बाजारात आणला. त्याचे पिवळे फोमचे पॅड आजही जुन्या शौकिनांच्या लक्षात आहेत. त्यानंतर बंद, अर्धवट उघडी आणि पूर्ण उघडी अशा तिन्ही रचना शेजारीशेजारी नांदत आल्या. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७०, डीटी ८८० आणि डीटी ९९० या तीन हेडफोनांत तिन्ही प्रकार एकाच घराण्यात पाहायला मिळतात. याच कंपनीच्या कस्टम वन प्रो या हेडफोनमध्ये तर कपावर एक सरकती पट्टी होती आणि चार टप्प्यांत छिद्रे उघडून बासचे, म्हणजे खालच्या स्वरांचे, प्रमाण बदलता येत असे. पाठीमागची हवा किती मोकळी ठेवायची, हा आवाज घडवण्याचा एक अधिकृत मार्ग आहे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे. घरी बसून झाकण काढणारा माणूस त्याच मार्गाने जात असतो. फरक इतकाच की कंपनीने त्याच्यासाठी बाकीची जुळणी केलेली नसते.

काम तसे अवघड नाही, पण नाजूक आहे. कानाची कुशन ओढून काढली की खाली ड्रायव्हर बसवलेली प्लास्टिकची चकती दिसते. तिचे स्क्रू सोडवून ती अलगद उचलायची, कारण तिला जोडलेल्या वायरी आखूड असतात आणि ड्रायव्हरच्या गुंडाळीची टोके केसाएवढी बारीक असून सोल्डरच्या इवल्याशा थेंबावर टिकलेली असतात. ड्रायव्हर उलटा करून पाहिला, की चुंबकाभोवती छिद्रांचे एक कडे दिसते आणि त्यावर पातळ कागदाची किंवा फेल्टची गोल पट्टी चिकटवलेली असते. ही पट्टी म्हणजे संरक्षणासाठी लावलेला कागद असे समजून ती काढून टाकण्याचा मोह होऊ शकतो, पण तो कटाक्षाने टाळावा. पडद्यामागची हवा त्या पट्टीच्या सूक्ष्म छिद्रांतून जाताना घासली जाते आणि त्या घर्षणामुळे पडद्याचा अनुनाद आटोक्यात राहतो. सबंध हेडफोनच्या बासचे शहाणपण त्या चिमूटभर कागदात असते.

धोका सर्वांत जास्त आहे तो कप कापताना किंवा त्याला भोके पाडताना. ड्रायव्हर आत असताना ड्रिल चालवले, तर जाळीचे लोखंडी कण थेट चुंबकाकडे खेचले जातात आणि गुंडाळीच्या फटीत एक जरी कण शिरला, तरी त्या बाजूला प्रत्येक बासच्या ठोक्याला खरखर ऐकू येते. तो कण बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ड्रायव्हर पूर्ण सोडवून दुसऱ्या खोलीत ठेवावा, कप कापून धुऊन कोरडा करावा आणि मगच जोडणी करावी. मी परीक्षणासाठी घेतलेल्या हेडफोनचे झाकण स्क्रूवर बसवलेले असल्याने कापाकापी करावी लागली नाही, आणि हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने असाच हेडफोन निवडावा, कारण झाकण परत लावले की तो होता तसा होतो.

बदल ऐकण्याची एक पद्धत मला फार उपयोगी वाटली. आधी एकच कप उघडा करायचा, दुसरा बंद ठेवायचा आणि दोन्हीकडे सारखाच, म्हणजे मोनो, पिंक नॉइज (सर्व वारंवारता एकत्र असलेला, धबधब्यासारखा आवाज) वाजवायचा. दोन्ही कप सारखे असताना हा आवाज डोक्याच्या मधोमध स्थिर बसतो. एक बाजू उघडली की त्याचे तुकडे पडतात: खालचा भाग एका बाजूला ओढला जातो, मधला भाग दुसरीकडे सरकतो आणि कोणत्या पट्ट्यात फरक पडला आहे, ते कान लगेच सांगतो. स्मरणशक्तीवर विसंबून ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करण्यापेक्षा हे कितीतरी विश्वासार्ह आहे, कारण झाकण काढून जाळी लावेपर्यंत कानाला आधीचा आवाज नेमका आठवत नाही. त्याच्या जोडीला कानाच्या तोंडाशी बसणारा छोटा मायक्रोफोन आणि स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा स्वर) वाजवून मोजणारे सॉफ्टवेअर असेल तर उत्तमच. मात्र प्रत्येक मोजणीत हेडफोन डोक्यावर थोडा वेगळा बसतो, तेव्हा एकाच आलेखावर निष्कर्ष काढू नये. हेडफोन उचलून पुन्हा ठेवत अनेकदा मोजावे आणि जे प्रत्येक वेळी दिसते तेवढेच खरे मानावे.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे येतो. सर्वांत मोठा आणि निःसंशय फायदा मधल्या पट्ट्यात झाला. तानपुऱ्याचे रेकॉर्डिंग हे त्याचे फार चांगले परीक्षण आहे, कारण जवारीमुळे एकाच तारेतून स्वरांचे थरच्या थर उमटतात आणि ते सावकाश उलगडत जातात. बंद कपात हे उलगडणे एका ठिकाणी अडकल्यासारखे होई. काही स्वर पुढे येत आणि काही गायब होत. पाठ उघडल्यावर तो प्रवास सलग ऐकू आला. गायकाचा आवाजही बदलला: आधी ‘अ’ आणि ‘ओ’ या स्वरांमागे एक पोकळ घुमारा लागत असे, तो गेला आणि श्वास घेण्याचा आवाज वाद्यांपासून सुटा झाला. पियानोची मधली सप्तके एकसारखी वाजू लागली. पूर्वी काही पट्ट्या शेजारच्यांपेक्षा जोरात वाजल्याचा भास होई. आलेखातही अडीच हजार हर्ट्झच्या जवळचा खळगा उथळ झालेला प्रत्येक मोजणीत दिसला. हा फायदा भासाचा नाही आणि तो सुरुवातीच्या नवलाईबरोबर ओसरतही नाही.

बासची गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि त्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पाठ उघडली की बास जातो, असे ठामपणे सांगितले जाते. पण मागची हवेची स्प्रिंग निघून गेल्यावर पडदा उलट अधिक सैल हलू लागतो, आणि कुशन कानाभोवती हवाबंद बसली असेल तर पुढचा बंदिस्त अवकाश खालचे स्वर व्यवस्थित टिकवून धरतो. उघड्या रचनेचे चांगले प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन अगदी खालपर्यंत सपाट वाजतात ते यामुळेच. बास जातो तो गळतीतून. पुढचा आवाज आणि मागचा आवाज उलट्या कलेत असल्यामुळे, कुशनच्या फटीतून किंवा चकतीच्या छिद्रांतून त्यांची गाठ पडली की ते एकमेकांना खाऊन टाकतात, आणि वारंवारता जितकी खालची, तितके हे खाणे जास्त. चष्म्याची काडी कुशनखाली आली तरी फरक ऐकू येतो.

या हेडफोनमध्ये चकतीवर ड्रायव्हरच्या बाजूला कागदाने झाकलेली बारीक छिद्रे होती, जी पुढच्या आणि मागच्या हवेला जोडतात. कप बंद असताना ही छिद्रे बास मर्यादेत ठेवण्याचे काम करतात, कारण त्यांतून सुटलेली हवा शेवटी कपातच राहते. पाठ उघडल्यावर मात्र त्याच छिद्रांना थेट बाहेरची वाट मिळते. परिणामी नुसते झाकण काढल्यावर सर्वांत खालचा भाग, म्हणजे तबल्याच्या डग्ग्याचा खोल घुमार, ऑर्गनचे जाड पाइप, डबल बेसची सर्वांत जाड तार, हे सारे मागे पडले. आणि त्याच्या वर, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, बास फुगला, कारण तिथे पडद्याच्या अनुनादावरचा लगाम सुटला होता. असा बास आकाराने मोठा वाटतो, पण त्याला तळ नसतो. डग्ग्यावरची मींड खाली उतरताना अर्ध्या वाटेत विरून जाते आणि थाप मात्र गरजेपेक्षा लांबते. तासाभराने खटकू लागतो, असे सुरुवातीला म्हटले ते याबद्दल.

यावरचा उपाय सोपा आहे आणि माझ्या मते सबंध रूपांतराचा प्राण त्यातच आहे. आधी चकतीवरची ती छिद्रे टेपने बंद केली. त्याबरोबर खालचा बास लक्षात येईल इतका परतला. नंतर जाळीच्या आतून अस्तर लावण्याचे प्रयोग केले. बारीक विणीचे पॉलिस्टर कापड लावल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. धूळ तेवढी थांबली. पातळ फोमने मधल्या पट्ट्यावरची चकाकी किंचित कमी केली. खरा परिणाम झाला तो दाट फेल्टने आणि कागदी मायक्रोपोअर टेपने (जखमेवरची पट्टी चिकटवायला वापरतात ती), कारण त्यांतून हवा जाते पण घासून जाते. १०० हर्ट्झजवळची फुगवटी बसली, थाप आवरली गेली आणि मधल्या पट्ट्यातली स्वच्छता शाबूत राहिली. फेल्टचे थर वाढवत गेले की एका टप्प्यावर पोकळ घुमारा पुन्हा डोकावू लागतो, म्हणजे आपण पुन्हा बंद कपाकडे निघालो आहोत हे समजते. त्याच्या एक थर अलीकडे थांबावे. दोन्ही कपांत एकाच तुकड्यातून कापलेले, एकाच मापाचे फेल्ट लावणे आवश्यक आहे, नाहीतर डावा-उजवा तोल बिघडतो आणि गायक डोक्याच्या मध्यापासून सरकतो.

म्हणून पूर्ण उघडा हेडफोन हे ध्येय ठेवण्यापेक्षा नियंत्रित उघडा हेडफोन हे ध्येय ठेवावे, असे माझे आग्रही मत आहे. फोस्टेक्सच्या टी५०आरपी या अर्धवट उघड्या हेडफोनवर हौशी लोकांनी जेवढे प्रयोग केले आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणावर झाले असतील, आणि त्यांतले बरेचसे उलट दिशेचे आहेत: कपाच्या फटी थोड्या थोड्या बुजवणे, आत कापूस आणि मूर्तिकामाची मऊ माती भरणे, ड्रायव्हरमागचा फेल्ट बदलणे. डॅन क्लार्क यांची हेडफोन बनवणारी कंपनीही अशाच फेरफारांतून उभी राहिली. दिशा कोणतीही असो, काम एकच असते, ते म्हणजे पडद्याच्या पाठीवर हवेचा किती प्रतिकार ठेवायचा हे ठरवणे.

ट्रेबलबद्दल, म्हणजे वरच्या स्वरांबद्दल, थोडक्यात. तो वाढल्यासारखा वाटतो, पण आठ-दहा हजार हर्ट्झच्या वर मोजणीत फारसा फरक दिसला नाही. त्या पट्ट्यावर कुशनची जाडी, ड्रायव्हर आणि कान यांतले अंतर आणि खुद्द कानाचा आकार यांचाच अंमल असतो. खालचा भाग हलका झाला की वरचा भाग उजळ भासतो. फेल्ट लावून बास जागेवर आणला, की हा उजळपणाही बराचसा मावळतो. मूळ हेडफोनचा ट्रेबल टोचत असेल, तर पाठ उघडून तो सुधारेल अशी आशा धरू नये. त्यासाठी कुशन बदलून पाहणे अधिक फलदायी ठरते.

अवकाशाची जाणीव मात्र खरोखर बदलते, आणि तिच्यामागे एकापेक्षा जास्त कारणे आहेत. कपातले परावर्तन गेल्याने रेकॉर्डिंगमधली मूळ खोलीची आस, म्हणजे सभागृहातला घुमण्याचा शेवटचा धागा, स्पष्ट होतो. खोलीतले बारीकसारीक आवाज आत येऊ लागल्याने मेंदूला कान झाकल्यासारखे वाटत नाही. स्वतःचे बोलणे, गिळणे, जबडा हलवणे यांचे कान बंद असताना ऐकू येणारे दडपलेले घुमणे कमी होते. तरीही वाद्ये समोर मंचावर दिसू लागतात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती डोक्याभोवतीच राहतात. फक्त त्यांच्यातले अंतर वाढते आणि कडा सुट्या होतात. दीर्घकाळ ऐकताना कानांवरचा ताण कमी जाणवतो, हा माझ्यासाठी अवकाशापेक्षाही मोलाचा लाभ ठरला.

हे सारे इक्वलायझरने, म्हणजे निरनिराळ्या पट्ट्यांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, करता आले नसते का, असा प्रश्न रास्त आहे. बासची फुगवटी किंवा मधला रुंद खळगा इक्वलायझरने बऱ्यापैकी सुधारतो आणि त्यासाठी स्क्रूही काढावा लागत नाही, म्हणून तो प्रयत्न आधी करावाच. पण कपातल्या परावर्तनामुळे आलेले अरुंद उंचवटे हेडफोन जरा हलला की जागा बदलतात, त्यांना नेमके पकडणे कठीण जाते. आणि कान झाकल्याची भावना कोणताही इक्वलायझर घालवू शकत नाही. उलट रूपांतरानंतर इक्वलायझर अधिक कामाचा ठरतो, कारण उरलेला उतार साधा आणि सलग असतो. खालचा बास थोडा उचलताना एकूण पातळी तेवढीच खाली आणावी. गळती असलेल्या हेडफोनमध्ये पडद्याला खालच्या स्वरांसाठी लांबवर धाव घ्यावी लागते आणि फार उचलल्यास आवाज फाटतो.

प्रत्येक बंद हेडफोन या कामासाठी योग्य नसतो. बाहेरचा आवाज विजेच्या मदतीने कमी करणारे हेडफोन उघडू नयेत. त्यांचे मायक्रोफोन आणि त्यांच्यामागचे गणित बंद कपावर बेतलेले असते, आणि पाठ उघडल्यावर ते बिघडते, कधी शिट्टीही घालते. ज्यांत कपाची बाहेरची भिंतच हेडबँडचा भार पेलते, त्यांत मोठे भोक पाडल्यास कप पिळवटतो आणि कुशन नीट बसत नाही, म्हणजे गळती आणि पुन्हा बासचा प्रश्न. जाळी घेताना तिच्या छिद्रांचे क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या निम्म्याच्या आसपास असावे. विरळ छिद्रांची सुंदर पत्रा-नक्षी दिसायला छान दिसते, पण आवाजाच्या दृष्टीने ते जवळपास झाकणच असते.

गमावलेल्या गोष्टींत बाहेरच्या आवाजापासून मिळणारे संरक्षण पहिले आहे, आणि ते अर्धवट जात नाही, जवळजवळ संपूर्ण जाते. फेल्टचा थर मधल्या आणि वरच्या पट्ट्यातला आवाज किंचित अडवतो, एवढेच. पंख्याची घरघर आता शांत आलापाच्या खाली सतत ऐकू येते, आणि तिच्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेण्याची सवय कानांसाठी घातक आहे. प्रवासात, कार्यालयात किंवा कोणी शेजारी झोपले असताना हा हेडफोन वापरण्याजोगा राहत नाही, कारण आत जे वाजते ते शेजारच्यालाही कळते. रेकॉर्डिंगसाठी तर त्याचा मूळ उपयोगच संपतो: गायकाच्या कानातला ठेका जाळीतून बाहेर पडून समोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि संथ गाण्याच्या विरामांत तो साफ ऐकू येतो. ज्यांना तेही काम याच हेडफोनवर करायचे आहे, त्यांनी मूळ झाकणे आणि त्यांचे स्क्रू जपून ठेवावेत आणि टेप लावताना नंतर निघेल असाच लावावा.